निकोटीन गम आणि सिगारेट सोडल्यावरचं वजन: दोन मिलिग्रॅमकडून किती अपेक्षा ठेवावी

निकोटीन गमच्या पाकिटावर वजनाचा शब्दही नसतो. तरीही तो विकत घेणाऱ्या अनेकांच्या मनात प्रश्न वजनाचाच असतो: सिगारेट सुटेल, पण पोट सुटणार नाही ना? म्हणून हा आढावा त्याच प्रश्नाच्या अंगाने घेतला आहे. गम तलफ किती मारतो याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. तो भूक किती मारतो, किती दिवस मारतो आणि त्या दिवसांत खाणाऱ्याने काय करायचं, हे मात्र मेडिकलमध्ये कुणी सांगत नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. वजन कमी करण्यासाठी गम घेत असाल तर घेऊ नका, ते त्याचं काम नाही. सिगारेट सोडण्यासाठी घेत असाल आणि वजनाची धास्ती असेल तर जरूर घ्या, पण पूर्ण मात्रेत, वेळेवर आणि नीट चावून. गम वजनवाढ थांबवत नाही. ती थोडी कमी ठेवतो आणि पुढे ढकलतो. पुढे ढकललेल्या त्या वेळात चहाची साखर आणि संध्याकाळचं फरसाण आवरलं तर फायदा टिकतो, नाहीतर गम संपला की काटा आपली उधारी वसूल करतो.

वजन का वाढतं

२०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. कुठलंही औषध न घेता सिगारेट सोडलेल्यांचं वजन त्यात पहिल्या महिन्यात सरासरी १.१ किलो, तीन महिन्यांत २.९ किलो आणि वर्षाअखेर ४.७ किलो वाढलेलं दिसलं. या सरासरीच्या पोटात मोठा फरक दडलाय. साधारण १६ टक्के लोकांचं वजन उलट घटलं, तर १३ टक्के लोकांचं दहा किलोंहून जास्त वाढलं. म्हणजे शेजाऱ्याचं पोट सुटलं म्हणून तुमचंही सुटेल असं नाही. आणि सर्वांत वेगाने वाढ होते ती पहिल्या तीन महिन्यांत. गमचा कोर्सही १२ आठवड्यांचाच असतो, त्यामुळे दोन्हींचा काळ एकमेकांवर बरोबर बसतो.

कारणं तीन आहेत आणि तिन्हींवर गमचा परिणाम सारखा नाही. पहिलं, निकोटीन शरीराची भट्टी थोडी जास्त तापती ठेवतं. दिवसाला २४ सिगारेटी ओढणाऱ्यांवरच्या एका जुन्या प्रयोगात २४ तासांचा ऊर्जाखर्च सुमारे दहा टक्क्यांनी, म्हणजे २०० कॅलरींच्या आसपास, जास्त भरला होता. सिगारेट थांबली की हा खर्च थांबतो. खाणं तेवढंच ठेवलं तरी महिन्याचा हिशेब ६,००० कॅलरींवर जातो, म्हणजे कागदावर पाऊण किलो. दुसरं, निकोटीन मेंदूतल्या भुकेच्या केंद्रावर काम करून भूक दाबतं. या दोन गोष्टींत गम मदत करतो, कारण निकोटीन चालूच राहतं, फक्त कमी प्रमाणात आणि हळू. तिसरं कारण हाताचं, तोंडाचं आणि जिभेचं. हाताला काहीतरी धरायला हवं असतं, तोंडात काहीतरी लागतं, आणि काही दिवसांत चव नि वास परत आल्यामुळे साधी आमटीही भुरके मारत खावीशी वाटते. इथे निकोटीनचा काही उपयोग नाही. गम तोंडात असतो तेवढा वेळ तोंड बंद राहतं, एवढाच काय तो लाभ. पण चहा-फरसाणाच्या वेळी तोच लाभ मोठा ठरतो.

बाजारात काय मिळतं

आपल्याकडे सर्वांत सहज मिळणारा गम म्हणजे सिप्लाचा निकोटेक्स. इतर कंपन्यांचेही आहेत. ताकद दोनच: २ मिलिग्रॅम आणि ४ मिलिग्रॅम. २ मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ मिलिग्रॅमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत निकोटीन रिप्लेसमेंट थेरपी, म्हणजे सिगारेटऐवजी गम वगैरेतून निकोटीन देण्याचा उपचार, आली आहे, तेव्हा हे काही ‘आत्मबल नसलेल्यांचं’ औषध नव्हे.

कुठली ताकद घ्यायची, याची कसोटी सोपी आहे. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट पेटत असेल तर ४, त्यानंतर पेटत असेल तर २. दिवसाला किती ओढता यापेक्षा हा प्रश्न जास्त खरं सांगतो. आणि नेमका इथेच पहिला घोटाळा होतो. चिठ्ठी लागत नाही म्हणून दिवसाला वीस ओढणारा माणूसही २ मिलिग्रॅमचं पाकीट उचलतो, दिवसाला तीन-चार चघळतो आणि ‘काही होत नाही’ म्हणून आठवड्यात सोडून देतो. २ मिलिग्रॅमच्या गममधून शरीरात साधारण १ मिलिग्रॅम निकोटीन पोचतं, तेही वीस-तीस मिनिटांत. सिगारेट तेवढंच निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत नेते. तीन-चार गममधून मिळणारं निकोटीन वीस सिगारेटींच्या जागी कसं पुरणार? भूक दाबण्याचा परिणामही मात्रेवर अवलंबून आहे. ४ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत वजनवाढ २ मिलिग्रॅमवाल्यांपेक्षा कमी दिसलेली आहे, आणि दिवसाला एक-दोन चघळणाऱ्यांना या परिणामाचा विशेष लाभ मिळत नाही.

चवींबद्दल थोडं. पुदिन्याच्या चवीचा गम बहुतेकांना चालतो आणि जेवणानंतर तोंड ‘बंद झालं’ अशी भावना देतो, वजनाच्या दृष्टीने ही जमेची बाजू. दालचिनीचा तिखटपणा गमच्या स्वतःच्या तिखट चवीत मिसळतो, त्यामुळे चावणं कधी थांबवायचं हे नवख्याला कळत नाही. पानाच्या चवीचा गम सिगारेटवाल्याला आवडेल, पण ज्याला सिगारेटबरोबर मावा किंवा गुटख्याचीही सवय आहे त्याने तो टाळलेला बरा. तीच चव तोंडात ठेवून टपरीवरून सरळ पुढे जाणं अवघड असतं. चालणारे बहुतेक गम बिनसाखरेचे असतात, गोडी सॉर्बिटॉल किंवा झायलिटॉलसारख्या पदार्थांची असते. पाकीट उलटून तेवढं वाचून घ्या. गमच्या कॅलरी नगण्य आहेत. बिनसाखरेचे गम जास्त झाले की पोटात गॅस होतो, हे मात्र खरं.

चावायचा कसा

गमबद्दलच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी चावण्याच्या चुकीतून येतात. साध्या च्युइंगमसारखा सपासप चावला की निकोटीन एकदम सुटतं, लाळेबरोबर पोटात जातं, आणि मग उचकी, छातीत जळजळ, मळमळ. पोटात गेलेलं निकोटीन यकृतात बरंचसं निष्क्रिय होतं, त्यामुळे त्रास पूर्ण आणि काम अर्धवट. त्यात एक छुपा धोका वजनाचा आहे: ही जळजळ लोकांना भूक वाटते, आणि ‘पोटात काहीतरी पडू दे’ म्हणून बिस्किटांचा पुडा उघडतो.

पद्धत अशी. हळू चावा, दहा-पंधरा वेळा. जिभेला तिखट झोंबल्यासारखं किंवा मुंग्या आल्यासारखं वाटलं की थांबा. मग तंबाखूचा बार ठेवतात तसा तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवा. मिनिटभराने झोंबणं कमी झालं की पुन्हा चार-पाच वेळा चावा आणि तोंडाच्या दुसऱ्या बाजूला ठेवा. असं अर्धा तास. लाळ शक्यतो लगेच गिळू नका. अर्ध्या तासाने झोंबेनासं झालं की गम संपला.

गम तोंडात असताना आणि त्याआधी पंधरा मिनिटं पाण्याशिवाय काही खायचं-प्यायचं नाही. हा नियम पाकिटावर असतो आणि सर्वांत जास्त मोडला जातो. निकोटीन तोंडाच्या आतल्या पातळ आवरणातून शोषलं जायला तोंड किंचित अल्कधर्मी असावं लागतं. कॉफी, लिंबूसरबत, कोकम, कोल्ड्रिंक, संत्र्याचा रस यांनी तोंड आंबट झालं की निकोटीन आवरणातून आत शिरत नाही, पुढचा अर्धा तास नुसतं रबर चघळणं होतं. सोलकढी पिऊन लगेच गम तोंडात टाकणाऱ्या कोकणी माणसाने तो वाया गेला असं समजावं.

दिवसाचं वेळापत्रक

गम ‘तलफ आली की’ घेणं चुकीचं आहे. तलफ तीन ते पाच मिनिटांत ओसरते आणि गम लागू व्हायला त्याहून जास्त वेळ घेतो. पहिले सहा आठवडे दर एक ते दोन तासांनी एक, दिवसाला कमीत कमी ९, जास्तीत जास्त २४. सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन ते चार तासांनी. दहाव्या ते बाराव्या आठवड्यात दर चार ते आठ तासांनी. मग बंद.

ऑफिसला जाणाऱ्या माणसासाठी नऊ गमचा दिवस असा बसतो. सकाळी ७ ला उठल्या उठल्या, चहाच्या आधी, पहिला. साडेसातला चहा-पोहे. पावणेनऊला दुसरा, सव्वादहाला तिसरा. ११ ला चहा, साडेअकराला चौथा. एकला जेवण, पावणेदोनला पाचवा. सव्वातीनला सहावा. साडेचारला चहा, ५ ला सातवा. पावणेसातला आठवा. साडेआठला जेवण, सव्वानऊला शेवटचा. झोपण्याच्या तोंडावर नको, झोप उडते.

वजनाच्या दृष्टीने यातल्या तीन वेळा कळीच्या आहेत. एक, पावणेसातची. कामावरून घरी येताना किंवा आल्यावर फरसाणाचा डबा उघडतो ती हीच वेळ. गम तोंडात असेल तर अर्धा तास काही खाता येत नाही, आणि तेवढ्यात स्वयंपाक होत येतो. दोन, अकरा आणि साडेचारचा चहा. पूर्वी तिथे चहाबरोबर सिगारेट होती, आता चहाबरोबर क्रीमरोल येऊ पाहतो. चहा घ्या, पण बसून नव्हे, आणि संपला की जागा सोडा. तीन, जेवणानंतरची. ओढणाऱ्यासाठी जेवण संपल्याची खूण म्हणजे सिगारेट. ती खूण गेली की जेवण संपतच नाही: अजून अर्धी पोळी, थोडा भात, मग गोड काहीतरी. गमला पंधरा मिनिटं थांबावं लागतं, म्हणून मधली खूण वेगळी करावी लागते. ताटावरून उठून चूळ भरणं, शक्य असेल तर दात घासणं, आणि साखरेचा मुलामा नसलेली साधी भाजकी बडीशेप. हॉटेलात बिलाबरोबर येते ती रंगीत बडीशेप आणि खडीसाखर नको, तिच्यात बडीशेपेपेक्षा साखरच जास्त.

चहाचा हिशेब

चहाबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. सिगारेटच्या धुरातली रसायनं यकृतातल्या एका एन्झाइमला चेतवतात आणि त्यामुळे ओढणाऱ्याच्या शरीरातून कॅफीन झपाट्याने निघून जातं. हे काम धुराचं आहे, निकोटीनचं नाही. त्यामुळे गम चालू असला तरी सिगारेट थांबल्यावर काही दिवसांत कॅफीनचा निचरा मंदावतो आणि तेवढ्याच चहा-कॉफीत रक्तातली पातळी जवळपास दुपटीवर जाते. छातीत धडधड, चिडचिड, झोप न लागणं हे सगळं लोक निकोटीनच्या नावावर मांडतात आणि गम सोडतात. दोष बऱ्याचदा पाचव्या चहाचा असतो. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी भूक वाढते, हा त्याचा वजनाशी संबंध. चहा-कॉफी पहिल्याच दिवसापासून निम्मी करावी. दुपारी चारनंतर तर नकोच, म्हणजे वरच्या वेळापत्रकातला साडेचारचा चहाही काही दिवसांत ताकावर नेलेला उत्तम.

साखरेचं गणित साधं आहे. एका कटिंगमध्ये दोन चमचे साखर म्हणजे आठ ते दहा ग्रॅम, ३५–४० कॅलरी. वर दूध. असे सहा कटिंग म्हणजे नुसत्या साखरेच्या २०० ते २४० कॅलरी. सिगारेट सुटल्यावर जो खर्च कमी झाला तो एवढाच होता. म्हणजे चहा निम्मा आणि साखर निम्मी केली तर भट्टी थंड झाल्याची निम्म्याहून जास्त भरपाई ताटाला हात न लावता होते. आहार बदलाच्या सगळ्या सल्ल्यांत हा सर्वांत स्वस्त, आणि आधी करायचा तो हाच.

तोंडात काय टाकायचं

गम तोंडात नसतानाच्या मधल्या वेळांसाठी चघळायच्या वस्तू हव्यातच. इथे घरोघरी जे घडतं ते असं: सिगारेट सुटली म्हणून कौतुकाने दाण्यांचा डबा हाताशी ठेवला जातो. शेंगदाणे पौष्टिक खरे, पण १०० ग्रॅमला साडेपाचशेहून जास्त कॅलरी. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम धरले तर पावणेदोनशे, आणि अशा मुठी दिवसात तीन सहज होतात. फरसाण त्याच पंक्तीतलं, वर मीठ. बिस्किटं १०० ग्रॅमला साडेचारशेच्या आसपास. पेपरमिंटची गोळी एकटी पंधरा-वीस कॅलरींची, पण दर सिगारेटमागे एक गोळी अशी सवय लागली तर वीस गोळ्यांचे ३०० ते ४००.

त्याऐवजी फुटाणे, सालासकट. १०० ग्रॅमला साधारण ३६० कॅलरी आणि वीसेक ग्रॅम प्रथिनं, सोलत खायला वेळ लागतो आणि हाताला काम मिळतं. ३० ग्रॅमची वाटी मोजून ठेवा, डबा घेऊन बसू नका. कोरडे चुरमुरे वाटीभर पन्नास-साठ कॅलरींचे, मात्र त्यात शेव पडली की हिशेब बिघडला. काकडी, गाजर, मुळा यांच्या सिगारेटएवढ्या लांब फोडी करून डब्यात न्याव्यात. बोटांत धरायची सवय त्यात भागते, हा काही बालिश उपाय नाही. लवंग किंवा वेलची दाढेत धरणंही चांगलं. सुपारी मात्र नाही, कुठल्याच रूपात नाही: सुपारीने तोंडाचा कॅन्सर होतो आणि तंबाखूशिवायही होतो. ताक, पाणी भरपूर. सिगारेट सुटल्यावर पहिल्या काही आठवड्यांत बद्धकोष्ठता सर्रास होते, पोट फुगतं आणि काट्यावरही थोडं दिसतं. ती सगळी चरबी नसते, त्याला घाबरून गम सोडू नये.

पहिल्याच महिन्यात कडक डाएट करू नये, असं आमचं ठाम मत आहे. उपाशी माणसाला तलफ आणि भूक यांतला फरक कळत नाही. फरक ओळखायची खूण: तलफ अचानक येते, एकाच गोष्टीची असते आणि पाच मिनिटांत ओसरते. भूक हळूहळू येते, भाजी-भाकरीनेही भागते आणि थांबवली तर वाढत जाते. आपल्याकडे अनेकजण आषाढी एकादशीला किंवा श्रावणात सिगारेट सोडतात. निश्चयाला ते मुहूर्त उत्तम, पण त्याच महिन्यात उपासही वाढतात. दाण्याचं कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी बशीभर खाल्ली तरी चारशेच्या घरात जाते, आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते. श्रावणात सोडणार असाल तर उपासाला वरईचे तांदूळ बेताने, बरोबर ताक आणि काकडीची कोशिंबीर ठेवा.

चालणं

वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे काढणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. गम, पॅच (कातडीवर चिकटवायची निकोटीनची पट्टी) वगैरे निकोटीनची औषधं चालू असेपर्यंत वजनवाढ सरासरी अर्ध्या किलोच्या आसपास कमी ठेवतात. वर्षानंतर त्यांचा परिणाम टिकतो का, हे स्पष्ट नाही. व्यायामाचं उलट आहे. पहिल्या काही आठवड्यांत काट्यावर काहीच फरक दिसत नाही, पण वर्षाअखेर व्यायाम करणाऱ्यांचं वजन सरासरी दोन किलोंनी कमी वाढलेलं होतं. म्हणून लोक नेमकं उलट करतात: गमकडून वर्षभराची अपेक्षा ठेवतात आणि चालणं तीन आठवड्यांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून बंद करतात.

सत्तर किलोच्या माणसाने पाऊण तासात साडेतीन ते चार किलोमीटर चाललं की १८०–२०० कॅलरी जातात. बंद पडलेल्या भट्टीची ही जवळपास पूर्ण भरपाई. सुरुवातीला दम लागतो, खोकला येतो, म्हणून दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या कराव्यात, आणि त्या जुन्या सिगारेटच्या वेळांना लावाव्यात. दहा मिनिटांच्या भरभर चालण्याने तलफही तेवढ्यापुरती उतरते.

काट्यापेक्षा टेप बरी. आठवड्यातून एकदा, सकाळी, बेंबीच्या रेषेत कंबर मोजा. भारतीयांसाठी धोक्याची रेषा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर. रोज वजन करणारा माणूस अर्ध्या किलोच्या चढउताराने खचतो आणि ‘त्यापेक्षा सिगारेट बरी’ म्हणतो. ती बरी नाही. चार-पाच किलो वाढूनही हृदयविकाराचा धोका सिगारेट सोडल्याने कमीच होतो.

गमला पर्याय

लॉझेंज म्हणजे न चावता तोंडात हळूहळू विरघळू द्यायची गोळी. कवळी असलेल्यांसाठी आणि दात हलणाऱ्यांसाठी गमपेक्षा सोयीची, बाकी नियम तेच. पॅच २१, १४ आणि ७ मिलिग्रॅमचे मिळतात. दिवसभर सारखं निकोटीन मिळतं, पण तोंडाला काम मिळत नाही, म्हणून वजनाची धास्ती असलेल्याला नुसता पॅच अपुरा वाटतो. पॅच आणि वर गरजेपुरता २ मिलिग्रॅमचा गम हा मेळ एकट्या गमपेक्षा सोडायला जास्त उपयोगी ठरतो, तो डॉक्टरांना विचारून घ्यावा. गुटखा-सुपारीमुळे ज्यांचं तोंड पुरतं उघडत नाही त्यांनी गमच्या वाटेला जाऊच नये, पॅच घ्यावा आणि तोंड दंतवैद्याला दाखवावं.

बुप्रोपिऑन हे सिगारेट सोडण्यासाठीचं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध कोर्स चालू असताना वजनवाढ सुमारे किलोभर कमी ठेवतं, गमच्या जवळपास दुप्पट. फिट येणाऱ्यांना आणि खाण्याचे मानसिक विकार असलेल्यांना ते चालत नाही. व्हॅरेनिक्लिन हे दुसरं औषध सिगारेट सोडण्यासाठी चांगलं, वजनावर त्याचा परिणाम नगण्य.

स्लिमिंग टीवर पैसे घालवू नका. अशा अनेक चहांत सोनामुखी असते, ती जुलाब घडवते, चरबी घटवत नाही. तुळशीच्या किंवा ‘हर्बल’ सिगारेटीत निकोटीन नसलं तरी टार आणि कार्बन मोनॉक्साइड असतोच, आणि भूक दाबणारं काहीच नसतं. म्हणजे तोटा पूर्ण, फायदा शून्य. ई-सिगारेट भारतात २०१९ पासून कायद्याने बंद आहे.

गम बंद करताना

वजनाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक काळ पहिला आठवडा नव्हे, दहावा ते चौदावा आठवडा. गम दिवसाला नऊवरून तीनवर येतो, भूक परत येते, आणि तोवर माणूस ‘जिंकलो’ म्हणून सैल झालेला असतो. एकदम थांबू नका. दर तीन-चार दिवसांनी एक गम कमी करा आणि त्या जागी बिनसाखरेचा साधा च्युइंगम ठेवा. संध्याकाळचा पावणेसातचा सर्वांत शेवटी काढा. काहीजण वर्षभर गम चालू ठेवतात, वजनाच्या भीतीने. सिगारेटपेक्षा ते कितीतरी सुरक्षित आहे हे खरं, पण वजनासाठी म्हणून चालू ठेवण्यात अर्थ नाही, परिणाम फार छोटा आहे.

मधुमेह असेल तर सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे साखर जास्त वेळा तपासा. इन्सुलिन घेणाऱ्यांचं इन्सुलिन सिगारेट सुटल्यावर चांगलं शोषलं जातं, मात्रा बदलावी लागू शकते. दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना सिगारेट सोडल्याचं आवर्जून सांगावं, कारण कॅफीनप्रमाणेच त्याचीही रक्तातली पातळी चढते. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आपल्या मनाने गम सुरू करू नये.

वेळापत्रक बसवताना कुणाशी बोलावंसं वाटलं तर राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन १८००-११-२३५६ ही निःशुल्क सेवा २०१६ पासून चालू आहे. २०१८ पासून हा नंबर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. समुपदेशक सोडायची तारीख ठरवून देतात आणि नंतर स्वतःहून फोन करतात. वजनाचा प्रश्न तुम्ही काढला नाहीत तर कदाचित निघणार नाही, म्हणून पहिल्याच फोनला काढा.

किमतीचं म्हणाल तर एक गम बहुतेक मोठ्या सिगारेटींपेक्षा स्वस्त पडतो. बिडी ओढणाऱ्याला मात्र तो कितीतरी महाग आहे, आणि दिवसाला नऊऐवजी तीनच चघळण्याचं खरं कारण बऱ्याचदा हेच असतं. त्याने आधी सरकारी रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात विचारावं. घेताना मुदत बघा. बारा आठवड्यांचा साठा एकदम घेऊ नका, आठवड्याभराचा घ्या आणि चव जमते का ते पाहा. उन्हात उभ्या गाडीच्या कप्प्यात पाकीट ठेवू नका. आणि चावून झालेल्या गममध्येही निकोटीन बरंच शिल्लक असतं, तो कागदात गुंडाळून झाकणाच्या कचरापेटीत टाका, लहान मुलांच्या हाती लागेल असा टेबलाखाली चिकटवू नका.